जुन्या फोटोंतलं पोर्ट सैद : कालव्याच्या गाळावर उभं राहिलेलं गाव

काचपट्टी

सुएझ कालव्याचे एकोणिसाव्या शतकातले फोटो पाहताना नजर आपसूक जहाजांकडे जाते. फोटो काढणाऱ्यालाही तेच दाखवायचं होतं. पण हेच फोटो मोठे करून जहाजाच्या मागे, धक्क्याच्या कडेला, घरांच्या पायथ्याशी काय आहे ते बघत गेलं, की एक अख्खं गाव उभं राहताना दिसतं. पोर्ट सैद, म्हणजे कालवा भूमध्य समुद्राला मिळतो तिथलं बंदर. या गावाखालची बरीचशी जमीन आणि बंदराच्या बांधांचे ठोकळे बंदर खणताना उपसलेल्या वाळू-गाळातूनच आले. ते डोळ्यांनी बघता येतं, म्हणून हा धागा.

आधी जागा. उत्तरेला समुद्र, दक्षिणेला मांझला नावाचं उथळ, मचूळ सरोवर आणि मध्ये वाळूचा अरुंद पट्टा. २५ एप्रिल १८५९ रोजी कालव्याची योजना उभी करणाऱ्या फ्रेंच फर्दिनां द लेसेप्सने तिथे पहिली कुदळ मारली तेव्हा त्या पट्ट्यावर ना दगड होता, ना लाकूड, ना प्यायचं पाणी. इजिप्तचा तेव्हाचा शासक सैद पाशा, त्याच्या नावावरून गावाचं नाव. एवढी ओसाड जागा का धरली? पूर्वेला प्राचीन पेलुसियमचा किनारा होता, पण तिथे समुद्र फार आतपर्यंत उथळ. जहाजांना हवी असलेली सुमारे ८ मीटर खोली पश्चिमेकडे सरकल्यावर किनाऱ्याला जास्त जवळ मिळत होती. गाव कुठे वसायचं ते समुद्राच्या तळाने ठरवलं.

आता फोटो. माझ्या मते सगळ्यात बोलका विषय म्हणजे ठोकळ्यांचं आवार. मार्सेच्या द्युसो बंधूंकडे बंदराच्या दोन लाटरोधक बांधांचं काम होतं. दगड अलेक्झांड्रियाजवळच्या मेक्सच्या खाणीतून बोटींनी आणावा लागे, आणि तो पुरेना. मग बंदर उपसताना निघालेली वाळू आणि फ्रान्समधल्या तेईचा पाण्यात घट्ट होणारा चुना एकत्र करून ठोकळे ओतायला सुरुवात झाली. एकेक ठोकळा १० घनमीटरचा, वजन २० टनांहून जास्त. ओतल्यावर काही महिने वाळवायचा, मग बोटीवर चढवून समुद्रात सोडायचा. फोटोंत किनाऱ्यावर या ठोकळ्यांच्या रांगाच रांगा दिसतात, आणि माणूस शेजारी उभा असेल तर त्याच्या उंचीवरून ठोकळ्याचा आकार लगेच कळतो. मागे घरं दिसतात ती लाकडी, बेताची. बंदराचा बांध गावापेक्षा भक्कम आहे हे एकाच फोटोत कळतं.

दुसरा विषय गाळ काढणाऱ्या यंत्रांचा. बोरेल आणि लावाले यांच्या कंपनीचे ड्रेजर. त्यातले काही लांब पन्हळीचे. बादल्यांची साखळी तळातला गाळ उचलून उंचावर ओतते आणि तिथून तो पन्हळीतून थेट काठापलीकडे पडतो. मोठ्या पन्हळी ७० मीटरपर्यंत लांब होत्या. उतार अगदी थोडा, म्हणून गाळ पुढे सरकावा यासाठी पंपाने पन्हळीत पाणी सोडत. हे फोटो बघताना यंत्रावरून नजर काढून पन्हळीचं टोक बघा. तिथे गाळाचा नवा ढीग आहे. कालव्याचे काठ असे तयार झाले.

तिसरा विषय दीपगृहावरून घेतलेली दृश्यं. त्यांबद्दल प्रतिसादांत बोलू, तिथे बरंच काही आहे.

डोलकाठी

छान धागा. मी बोटीवर होतो, पोर्ट सैदच्या बाहेर कालव्यात शिरायची वाट बघत नांगर टाकून थांबण्यात बराच वेळ गेला आहे. जुनं दीपगृह पाहिलं आहे म्हणून लिहितो. ते फ्रांस्वा क्वान्ये यांनी काँक्रीटमध्ये बांधलं, १८६९ मध्ये कालवा उघडण्याच्या तोंडावर पुरं झालं. अष्टकोनी, ५६ मीटर उंच. काँक्रीटच्या एवढ्या उंच बांधकामांतलं हे जगातलं फार सुरुवातीचं, आणि दिवाही विजेचा. जुन्या फोटोंत ते समुद्राला लागून दिसतं. आज ते गावाच्या आत आहे, समोर उंच इमारती आहेत, आणि दिव्याचं काम दुसरीकडे गेलं आहे. दीपगृह तर हललेलं नाही. किनारा पुढे गेला.

कारण खलाशांना माहीत असतं. आस्वानचं मोठं धरण होण्याआधी नाईल समुद्रात भरपूर गाळ सोडायची आणि किनाऱ्यालगतचा प्रवाह तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहून न्यायचा. पश्चिमेचा लांब बांध त्याच्या आडवा आला. वाळू त्याच्या पश्चिम बाजूला साठत गेली आणि नवी जमीन झाली.

काचपट्टी

डोलकाठी काका, हेच मला दाखवायचं होतं. वेगवेगळ्या दशकांतले दीपगृहाचे फोटो शेजारी ठेवले की पाण्याची रेघ मागे मागे जाताना दिसते. पश्चिमेचा बांध अडीच किलोमीटरच्या आसपास आणि पूर्वेचा त्याहून बराच आखूड, तेही याच कारणाने. गाळ ज्या बाजूने येतो ती बाजू जास्त लांब अडवायला हवी. सुरुवातीला ठोकळे नुसते एकमेकांवर सोडले होते, त्यांच्यातल्या फटींतूनही वाळू बंदरात शिरायची. म्हणून बंदर खणून झाल्यावरही उपसा कधी थांबला नाही. नंतरच्या फोटोंतही कुठेतरी कोपऱ्यात ड्रेजर असतोच.

आणि गावाच्या दृष्टीने महत्त्वाचं : गावाचा काही भाग माणसांनी भराव टाकून केला, आणि काही भाग बांध घातल्यावर समुद्राने आणून टाकला.

पायाभरणी

मी स्थापत्य अभियंता आहे, भराव आणि पाये यातच आयुष्य गेलं. ओल्या गाळाच्या भरावावर ताबडतोब जड बांधकाम करता येत नाही. पाणी निघून जायला, जमीन बसायला वेळ लागतो, आणि ती सगळीकडे सारखी बसत नाही. पोर्ट सैदची पहिली घरं खांब ठोकून त्यांवर उभी केलेली होती, आणि लाकडी होती. यात दगड मिळत नव्हता हे कारण आहेच, पण अशा जमिनीवर हलकं आणि थोडं लवचिक घर हीच शहाणपणाची बांधणी आहे. एखादा खांब दोन बोटं खचला तरी लाकडी सांगाडा ते सोसतो. विटांची भिंत तडकते.

नंतरच्या फोटोंत तीन-चार मजली घरं दिसतात, आणि पुढच्या बाजूला प्रत्येक मजल्याला लाकडी खांबांचे रुंद सज्जे. पोर्ट सैदची ओळखच ती. सज्ज्यांनी रस्त्याच्या कडेला सावली मिळते, आणि समुद्रावरचा वारा घरात येतो. काचपट्टी, तुमच्याकडे रस्त्याचे फोटो असतील तर घरांचे जोते तपासा. भराव नंतर पुन्हा वाढवला असेल तर जुन्या घरांचे उंबरे रस्त्याच्या पातळीला किंवा खाली आलेले दिसतील. जमीन किती वेळा उंचावली हे त्यावरून कळतं.

मुसाफिर

प्यायच्या पाण्याचं काय केलं? वाळू आणि खारं पाणी, बाकी काहीच नाही, आणि हजारो माणसं.

काचपट्टी

मुसाफिर, सुरुवातीला समुद्राचं पाणी उकळून वाफेपासून गोडं पाणी काढणारी यंत्रं बसवली होती, आणि सरोवरापलीकडून होड्यांनी पाणी यायचं. वारा फिरला की होड्या अडकत, म्हणजे पाणी अडकलं. तिकडे नाईलचं गोडं पाणी आणणारा वेगळा कालवा १८६२ मध्ये कालव्याच्या मध्यावरच्या तिम्साह सरोवरापर्यंत पोचला. तिथेच पुढे इस्माइलिया गाव झालं. १८६३ च्या अखेरीस तो सुएझपर्यंत गेला. पोर्ट सैद मात्र उत्तरेला राहिलं. मग १८६४ च्या सुमारास इस्माइलियाहून कालव्याच्या काठाने लोखंडी नळ टाकला, अंतर सुमारे ८० किलोमीटर. पोर्ट सैदची खरी वाढ त्यानंतरची. १८६९ पर्यंत वस्ती १०,००० च्या आसपास गेली होती.

जहाजांच्या कालव्याआधी गोड्या पाण्याचा कालवा लागला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कालव्याच्या गौरवाच्या लिखाणात त्याला फार तर एखादं वाक्य मिळतं.

रानजाई

काचपट्टीताई, सगळं वाचलं. मला एक गोष्ट खटकते आहे. यंत्रं, ठोकळे, दीपगृह, जहाजं. कालवा खणणारी माणसं कुठे आहेत? वेठीला धरलेल्या हजारो फेल्लाहांबद्दल, म्हणजे इजिप्तच्या शेतकऱ्यांबद्दल, वाचलं होतं. फोटोंत ती मला सापडली नाहीत.

काचपट्टी

रानजाई, या धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न तू विचारलास. सविस्तर लिहिते.

सैद पाशाने लेसेप्सच्या कालवा कंपनीला मजूर पुरवायचं कबूल केलं होतं. साधारण १८६१-६२ पासून इजिप्तभरच्या गावांतून शेतकरी पाळीपाळीने आणले जात. एका वेळी सुमारे २०,००० माणसं कामावर, त्यांच्या जागी येणारी वाटेवर आणि सुटलेली परतीच्या वाटेवर. मजुरी नावापुरती, नकार द्यायची सोय नाही. कुदळी, टोपल्या आणि हात. मांझला सरोवराच्या भागात तर टोपलीही चालत नसे, कारण चिखल पातळ. तिथे सरोवरातले कोळी पाण्यात उभे राहून हातांनी चिखलाचे गोळे उचलत, छातीशी दाबून त्यातलं पाणी काढत आणि काठावर रचत. उन्हात ते वाळले की त्यावर पुढचा थर. पोर्ट सैदहून दक्षिणेला जाणाऱ्या कालव्याचे पहिले काठ असे झाले.

जानेवारी १८६३ मध्ये सैद पाशा वारला आणि इस्माइल पाशा गादीवर आला. ब्रिटिशांचा कालव्याला विरोध होता, इजिप्त ज्याच्या अधिपत्याखाली होता त्या तुर्कस्तानच्या सुलतानाची संमती अडलेली होती, आणि दोघांच्याही हातात वेठीचा मुद्दा होता. शेवटी फ्रान्सचा सम्राट नेपोलियन तिसरा याने लवादाचा निवाडा दिला, जुलै १८६४ मध्ये. वेठ बंद. आणि त्याबद्दल इजिप्तने कंपनीला भरपाई द्यायची! एकूण ८ कोटी ४० लाख फ्रँक, त्यातले ३ कोटी ८० लाख केवळ मजूर काढून घेतल्याबद्दल. आपल्याच शेतकऱ्यांना सोडवायला इजिप्तने हे पैसे मोजले. मला हे वाचताना आजही राग येतो.

आता फोटोंचं गणित बघ. माणसं गेली म्हणून कंपनीने यंत्रांकडे मोर्चा वळवला. बोरेल-लावालेंचे मोठे ड्रेजर त्यानंतर आले, आणि एकूण सुमारे ७ कोटी ४० लाख घनमीटर खोदाईतला फार मोठा वाटा त्यांनी उचलला. कालव्याच्या आज सगळीकडे दिसणाऱ्या फोटोमालिका याच काळातल्या, म्हणजे १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आणि नंतरच्या. छायाचित्रकार स्टँड उघडून उभा राहिला तोवर टोपलीवाले निघून गेले होते. त्यामुळे फोटोंतून जो इतिहास दिसतो तो यंत्रांचा, आणि तसाच तो लोकांच्या मनात बसला.

म्हणून मी काठ बघते. ड्रेजरच्या फोटोत मागचा जुना, वाळलेला, खडबडीत काठ दिसला, की ज्यांचा चेहरा कुणी टिपला नाही त्यांचं काम तिथे असू शकतं.

चौकस

यात तंत्राचाही भाग आहे. तेव्हा काचेच्या प्लेटवर ओल्या कलोडियनने, म्हणजे एका चिकट द्रावाने, फोटो घेत. प्लेट ओली असेतोवर, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, रसायन लावणं, फोटो घेणं आणि धुणं सगळं उरकायचं. तिथल्या कोरड्या उष्म्यात वेळ आणखी कमी. अंधारखोली सोबत न्यावीच लागे. इप्पोलित आर्नू या फ्रेंच छायाचित्रकाराचा स्टुडिओ पोर्ट सैदमध्येच होता, आणि कालव्यावर फिरायला त्याने बोटीचीच अंधारखोली केली होती. झांगाकी बंधू हे ग्रीक छायाचित्रकारही तिथूनच काम करत.

काही सेकंदांच्या उघडझापीत हलणारा माणूस धूसर होतो किंवा पुसलाच जातो. थांबलेलं यंत्र स्पष्ट येतं. धक्क्यावर ओझी वाहणारी माणसं कधी कधी नुसत्या सावलीसारखी दिसतात, ती रिकामी जागा समजू नका, तिथे वर्दळ होती. त्या प्लेटला निळा उजेड जास्त जाणवायचा, म्हणून आकाश आणि समुद्र कोरे पांढरे येतात आणि पिवळसर जमीन असते त्याहून गडद. ढग नाहीत म्हणून हवा निरभ्र होती असं मानू नये, आणि जमीन काळपट दिसली म्हणजे ओला गाळच असं लगेच ठरवू नये.

कंपनीने पैसे दिले म्हणून हे फोटो असे, असा आक्षेप इथे येईल. मला वाटतं गिऱ्हाईक जास्त महत्त्वाचं. जहाज कोळसा घ्यायला थांबलं की प्रवासी उतरत आणि फोटो विकत घेत. त्यांना जे हवं तेच काढलं जाई.

काचपट्टी

चौकस, जमिनीच्या रंगाबद्दलचा इशारा अगदी योग्य आहे. मी त्याचसाठी एका फोटोवर विसंबत नाही. ओली जमीन असेल तर गाडीच्या चाकोऱ्या, तुंबलेलं पाणी, टाकलेल्या फळ्या असं काहीतरी सोबत दिसायला हवं.

कोळशाचं तुम्ही काढलंत ते बरं झालं. पोर्ट सैद पुढे जगातल्या मोठ्या कोळसा बंदरांपैकी एक झालं, आणि इथे मात्र माणसं फोटोंत आहेत. जहाजाला टेकवलेल्या फळ्यांवरून टोपल्या घेऊन वर चढणाऱ्या हमालांच्या रांगा. प्रवाशांना तो देखावा वाटायचा म्हणून तो टिपला गेला. रानजाई, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या फोटोंत आहे. मजूर दिसले ते गिऱ्हाइकाला बघण्याजोगे वाटले तेव्हाच.

आता दीपगृहावरून घेतलेली दृश्यं. आखणी सरळ रेघांची आहे, पूर्वेला धक्का आणि बंदराचे कोरलेले हौद, धक्क्यालगत युरोपियनांची वस्ती. पश्चिमेला वेगळं ‘अरब गाव’. मध्ये मोकळ्या वाळूचा पट्टा. आज तिथल्या विभागांना अल-अरब आणि अल-इफ्रंग (म्हणजे फिरंग्यांचा) म्हणतात, म्हणजे ती फाळणी नावांत उरली आहे. मधल्या पट्ट्यात घरं कशी भरत गेली ते पाहण्यासाठी वेगवेगळ्या वर्षांतली दृश्यं एकाखाली एक लावून बघते आहे. भराव बंदराच्या हौदांजवळ आधी झाला आणि अरब वस्ती लांब, सरोवराकडे राहिली. ज्यांनी गाव बांधलं त्यांच्या वाट्याला सखल जमीन आली. हे कुठल्याही फोटोखाली लिहिलेलं नाही, पण उंचावरून पाहिलं की दिसतं.

मुसाफिर

कालवा होण्याआधी मुंबईची डाक आणि प्रवासी बोटीने सुएझला उतरायचे, तिथून जमिनीवरून अलेक्झांड्रियाला. अलेक्झांड्रिया–कैरो रेल्वे १८५६ ची, कैरो–सुएझ १८५८ ची. १७ नोव्हेंबर १८६९ ला कालवा उघडला आणि तो सगळा मार्ग हळूहळू मागे पडला. त्यामुळे विलायतेला गेलेल्यांच्या घरांत आपल्याकडेही पोर्ट सैदची चित्रपत्रं सापडतात. आमच्याकडेही आहे एक : पाण्यात गेलेल्या बांधावर मोठा पुतळा, हात पुढे केलेला. कालव्याच्या बाजूला दूर तीन घुमटांची पांढरी इमारत. कधीचं असेल?

काचपट्टी

मुसाफिर, पुतळा लेसेप्सचा. शिल्पकार एमान्युएल फ्रेमिए, अनावरण १७ नोव्हेंबर १८९९. सुएझच्या युद्धानंतर, डिसेंबर १९५६ मध्ये, तो सुरुंग लावून पाडला. म्हणजे तुमचं चित्र या दोन तारखांच्या मधलं. घुमटांची इमारत कालवा कंपनीची, १८९० च्या दशकाच्या मध्याची, तिने आणखी काही हाती लागत नाही. पण समोरचा, पूर्वेचा काठ दिसतोय का? तिथलं पोर्ट फुआद १९२६ मध्ये वसलं. काठ रिकामा किंवा नुसत्या कार्यशाळांचा असेल तर चित्र त्याआधीचं असण्याची शक्यता जास्त.

मुसाफिर

पूर्वेचा काठ कोपऱ्यात जेमतेम आला आहे. घरं दिसत नाहीत, दोन डोलकाठ्या आणि एक धुराडं आहे. मागे मजकूर आणि पत्ता यांच्यामध्ये उभी रेघ आहे. तिकीट निघून गेलंय.

काचपट्टी

उभी रेघ असेल तर विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांनंतरचं, त्याआधी पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहू देत नसत. म्हणजे साधारण १९०५ ते १९२६. जमलं तर दोन्ही बाजू जास्त रिझोल्यूशनने स्कॅन करून इथे टाका, पुतळ्याच्या पायथ्याचा भाग वेगळा मोठा करून. तिथे पाण्याची पातळी आणि बांधाचे ठोकळे दिसायला हवेत. द्युसोंचे जुने ठोकळे अजून उघडे आहेत की वरून नवं बांधकाम झालंय, ते मला बघायचं आहे. डोलकाठी काका, तुम्हीही बघा. तो बांध तुम्ही समुद्राच्या बाजूने पाहिलेला आहे.

डोलकाठी

जरूर. चित्र येऊ दे. बांधाच्या टोकाकडचा भाग दिसत असेल तर तोही मोठा करून टाका, तिथे लाटा सगळ्यात जास्त फुटतात आणि ठोकळे सरकलेले असतील तर तिथेच आधी कळेल.